राष्ट्रपती भवन शंभरीकडे: एवढं मोठं घर टिकवायचं कसं?

वास्तुरंग
रायसिना टेकडीवरची ही इमारत १९२९ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे २०२९ ला तिची शंभरी. तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण आकड्यांपाशी थांबतात: ३४० खोल्या, चार मजले, अडीच किलोमीटरचे कॉरिडॉर, ३३० एकरांचं आवार. मला त्याच्या पुढचं विचारायचं आहे.

बांधकामात पोलाद अगदी कमी, जवळजवळ सगळा भार दगड-विटांच्या भिंतींवर. डोक्यावर तांब्याचा घुमट, मागे १५ एकरांची बाग. आणि आत काम रोज चालू: शपथविधी, परदेशी पाहुणे, पुरस्कार समारंभ, कार्यालयं. एखादा किल्ला वर्षभर परांची बांधून ठेवता येतो, इथे ती सोय नाही. अशा इमारतीत सगळ्यात आधी काय बिघडतं? माझा अंदाज दगड. राजस्थानचा वालुकाश्म, दिल्लीची हवा आणि ४५ अंशांचा उन्हाळा. जाणकारांनी सांगावं. इतिहासही येऊ द्या, पण निगेशी जोडून.

सांचीची_वाट
छान विषय. आधी पार्श्वभूमी, कारण निगेचे अर्धे प्रश्न बांधतानाच्या निर्णयांतून आलेत.

१२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली. कोनशिला बसवल्या त्या उत्तरेकडे, दरबाराच्या छावणीजवळ. जागेची पाहणी झाल्यावर दक्षिणेची रायसिना टेकडी पक्की झाली. रायसिना आणि मालचा या गावांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली गेली, हेही विसरू नये. व्हाइसरॉयचं घर, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, वास्तुविशारद एडविन लुटेन्सकडे, दोन्ही बाजूंची सचिवालयं हर्बर्ट बेकरकडे. मुख्य अभियंता ह्यू कीलिंग. मुख्य इमारतीचे ठेकेदार हारून अल रशीद, पुढच्या प्रांगणाचं काम सुजान सिंग आणि त्यांचे चिरंजीव सोभा सिंग यांचं.

अंदाज होता चार वर्षांचा, लागली सतरा. मध्ये पहिलं महायुद्ध आलं. खर्चाचा अंदाज ४ लाख पौंडांचा होता, तो ८ लाख ७७ हजारांवर गेला. तोवर व्हाइसरॉय राहत होते उत्तरेकडच्या जुन्या व्हाइसरीगल लॉजमध्ये, जिथे आज दिल्ली विद्यापीठाच्या कुलगुरूंचं कार्यालय आहे.

तारखांचा एक विलक्षण योग सांगतो. व्हाइसरॉय हार्डिंगच्या दिल्लीप्रवेशावर चांदणी चौकात बॉम्ब पडला तो २३ डिसेंबर १९१२ ला. आणि नंतरचा व्हाइसरॉय आयर्विन नव्या घरात राहायला येत असताना त्याच्या आगगाडीखाली स्फोट झाला तोही २३ डिसेंबरला, १९२९ साली. दोघेही वाचले.

चुनखडी
वास्तुरंग, दगड आधी जात नाही. आधी दर्जा जातात, म्हणजे दोन चिऱ्यांमधले सांधे.

धोलपूरचा वालुकाश्म मुख्यतः वाळूच्या कणांचा, सिलिकाचा. आम्ल हवेचा त्याला संगमरवराइतका त्रास होत नाही. पण त्यात बारीक छिद्रं असतात, म्हणून तो पाणी पितो आणि सोडतो. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. सांधा चुन्याचा असेल तर तो दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असतो. भिंतीतलं पाणी सांध्यातून बाहेर पडतं, क्षारही तिथेच येतात. सांधा झिजतो, चिरा वाचतो. चाळीस-पन्नास वर्षांनी सांधा नवा भरायचा, इतकंच.

कुणी तिथे सिमेंट भरलं की सगळं उलटं होतं. सांधा कडक आणि बंद, मग पाणी दगडाच्या तोंडातून निघू लागतं. क्षारांचे स्फटिक दगडाच्या पृष्ठभागामागे वाढतात आणि तीन-चार पावसाळ्यांत चिऱ्याचा पापुद्रा सुटतो. आपण ज्याला भिंतीला लोणा लागला म्हणतो तोच प्रकार, फक्त दगडात. देशभरच्या जुन्या दगडी इमारती पाहा: जिथे सांधा सिमेंटचा, करडा आणि उंचवट्यासारखा दिसेल, तिथे आजूबाजूचा दगड खड्ड्यात गेलेला सापडेल.

दर्जा भरायची रीत अशी. जुना मसाला हातानेच काढायचा, ग्राइंडर अजिबात नको, तो चिऱ्याच्या कडा खातो. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० ते २५ मिलीमीटर. राष्ट्रपती भवनासारख्या घडीव कामात सांधे अगदी बारीक असतात. तीन मिलीमीटरच्या फटीत छिन्नी शिरतच नाही, तिथे करवतीचं जुनं पातं वापरतात आणि मसाला सिरिंजने सोडतात. मग धूळ धुवायची, दगड ओला करायचा पण पाणी निथळू द्यायचं. चुना निदान महिनाभर भिजवून मुरवलेला. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू. ओलाव्याची जागा असेल तर वाळूतला काही भाग काढून त्याऐवजी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. भरून झाल्यावर दहा दिवस ओलं गोणपाट. मे महिन्याच्या उन्हात हे काम काढलं तर चुना सुकतो, पण धरत नाही. बोटाने खरवडला की पीठ हातात येतं.

तांबट
चुनखडी काकांशी सहमत, एक सोडून. मला घुमटाची काळजी जास्त.

सांचीच्या स्तूपाची आठवण देणारा तो घुमट दुहेरी आहे. आतला दरबार हॉलवरचा, २२ मीटर व्यासाचा, आणि बाहेरचा निराळा. बाहेरच्या कवचाला प्रबलित काँक्रीट आणि त्यावर तांब्याचा पत्रा. म्हणजे पोलाद कमी असलेल्या इमारतीत पोलाद आहे ते नेमकं सर्वात अवघड जागी, शिडी न पोचणाऱ्या उंचीवर.

तांबं स्वतः शंभर-दीडशे वर्षं टिकतं. अडचण हालचालीची. दोन मीटरचा पत्रा घ्या, हिवाळ्याची पहाट आणि उन्हाळ्याची दुपार यांत पत्र्याच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरा. तांबं एका अंशाला दर मीटरमागे ०.०१७ मिलीमीटर वाढतं, म्हणजे पत्रा १.७ मिलीमीटर लांबतो आणि आखडतो. खालचं काँक्रीट इतकं हलत नाही. म्हणून पत्रे एकमेकांना घट्ट डाखायचे नसतात. कडा दुमडून उभी शिवण घालायची आणि पत्रा आतून तांब्याच्याच पट्टीने धरायचा, म्हणजे त्याला सरकायला जागा राहते. दुरुस्ती करणाऱ्याने घाईत शिवण डाखून बंद केली की पुढच्या उन्हाळ्यात बाजूला नवी चीर पडते. लोखंडी खिळा तर वर्ज्यच. तांब्याच्या संगतीत ओल आली की लोखंड खूप लवकर संपतं.

अनुस्वार
+१. आणि तांब्यावर चढलेला हिरवट थर घासून चकचकीत करा अशी सूचना दरवेळी कुणीतरी करतंच!

तांबट
नका हो घासू, अनुस्वार! तो तपकिरी-हिरवा थरच तांब्याचं चिलखत. घासला की तेवढं तांबं गेलं आणि थर पुन्हा धरेपर्यंत तिथून निथळणारं पाणी खालच्या फिकट दगडावर हिरवे ओघळ काढतं.

हिशेबनीस
विटांच्या आकड्याबद्दल एक शंका. सगळीकडे छापलेलं असतं की या इमारतीला ७० कोटी विटा आणि ३० लाख घनफूट दगड लागला. गणित करून पाहू.

९ × ४.५ × ३ इंचांची वीट म्हणजे साधारण ०.०७ घनफूट. ७० कोटी विटा म्हणजे ४ कोटी ९० लाख घनफूट. आता इमारतीचं जोतं २ लाख चौरस फूट धरा आणि त्यावर १०० फूट उंचीचा भरीव ठोकळा उभा करा, एकही खोली नाही, खिडकी नाही. तो होतो २ कोटी घनफूट. म्हणजे ठोस विटांचा ठोकळा बांधूनही निम्म्याहून जास्त विटा उरतात. एकट्या घराचा हा आकडा असूच शकत नाही. कर्मचाऱ्यांच्या वसाहती, सचिवालयं, नव्या शहराचं बरंच बांधकाम मिळून असला तर पटतो.

सांचीची_वाट
हिशेबनीस साहेब, दंडवत. हे कुणी करून पाहत नाही. दगडाचा आकडा मात्र बसू शकतो. तो आणायला खास रेल्वेमार्ग टाकला होता आणि दगड घडवण्याचं प्रचंड मोठं आवार उभारलं होतं. मुख्य रंग दोन, खालचा पट्टा लाल आणि वर पिवळसर साय. लाल दगड खाली ठेवल्याने जमिनीवरून उडणाऱ्या मातीचे डाग कमी दिसतात, हा निगेच्या दृष्टीने मोठा फायदा.

चुनखडी
आणि बदली दगड आणताना लाल तो लाल म्हणून चालत नाही. एकाच खाणीत दर थराला छटा बदलते. ठिगळ लावायचं तर किडलेला भाग चौकोनी कापून काढायचा, त्याच जातीचा तुकडा घडवायचा आणि थर जमिनीला समांतर ठेवून बसवायचा, खाणीत होता तसा. थर उभे करून भिंतीच्या तोंडाशी लावले तर पुस्तकाची पानं सुटावीत तसे पापुद्रे सुटतात. आतली खुंटी गंजरोधक पोलादाची, साधी लोखंडी नको. लोखंड गंजून फुगतं आणि चिऱ्याचा कोपरा उडवतं. पृष्ठभाग यंत्राने गुळगुळीत न करता शेजारच्या चिऱ्यासारखे टाकीचे घाव द्यायचे. हे काम आजही पाथरवटाच्या हातचंच.

मीटरबोर्ड
सगळे बाहेरूनच बघताय. आत या. माझ्या मते अशा इमारतीला सर्वात मोठा धोका आगीचा.

१९२९ च्या काळात रबराच्या वेष्टनाच्या तारा वापरत. ते वेष्टन तीस-चाळीस वर्षांत कडक होऊन तडकतं. जुन्या इमारतीत कितीदाही तारा बदला, एखादी विसरलेली ओढ छताच्या पोकळीत राहतेच. म्हणून काम सुरू करण्याआधी प्रत्येक मंडल (सर्किट) वेगळं काढून इन्सुलेशन तपासायचं, नकाशावर मांडायचं, आणि निकामी तार तिथेच न ठेवता ओढून बाहेर काढायची. नवी तार कमी धूर करणारी, हॅलोजन नसलेली. दगडात खाच पाडायची नाही. तारांचे जुने मार्ग, लाकडी पॅनेलमागची जागा, कॉरिडॉरच्या कडेची पट्टी, एवढ्यातच भागवायचं.

वातानुकूलन हा दुसरा प्रश्न. लुटेन्सने जाड भिंती, उंच छत आणि आठ फूट पुढे आलेला छज्जा यांच्यावर भिस्त ठेवली होती. आता यंत्राने थंडावा आणतो. जुलैत बाहेरची दमट हवा थंड संगमरवरावर आली की त्याला घाम फुटतो. लाकडी जमीन आणि चित्रं यांना तर चढउतार मुळीच सोसत नाही. अशोक हॉल हा पूर्वीचा नाचाचा हॉल, लाकडी जमिनीखाली स्प्रिंग आहेत. छताच्या मध्यावर इराणच्या फतह अली शाहचं शिकारीचं चित्र आहे, चामड्यावर रंगवलेलं. भोवतालचं छत लेडी विलिंग्डनच्या काळात तोमासो कोलोनेलो या इटालियन चित्रकाराने भारतीय सहकाऱ्यांकडून रंगवून घेतलं. चामडं कोरडं पडलं की आखडतं, ओलसर झालं की सैल पडतं, आणि रंगाचा थर दोन्ही वेळा तडकतो. आर्द्रता ५० टक्के की ५५, यापेक्षा ती दिवसातून वर-खाली होऊ न देणं महत्त्वाचं. समारंभ संपला, दिवे गेले, यंत्र बंद केलं, आणि रात्रीत आर्द्रता वीस टक्क्यांनी चढली: नुकसान असं होतं.

पायवाट
अवांतर: दरबार हॉल आता गणतंत्र मंडप आणि अशोक हॉल अशोक मंडप, २०२४ पासून. मागची बाग २०२३ पासून अमृत उद्यान. वाचणाऱ्यांचा गोंधळ नको म्हणून.

अनुस्वार
धन्यवाद, पायवाट. नावांची यादीच लांब आहे. आधी व्हाइसरॉय हाउस, १९४७ नंतर गव्हर्नमेंट हाउस, १९५० पासून राष्ट्रपती भवन. १५ ऑगस्ट १९४७ ला नेहरूंच्या मंत्रिमंडळाची शपथ आणि २६ जानेवारी १९५० ला राजेंद्रबाबूंची, दोन्ही याच घुमटाखाली.

वास्तुरंग
दरबार हॉलचं झुंबर दोन टनांचं आणि ३३ मीटर उंचीवरून लटकलेलं आहे ना? त्याची सफाई कशी करत असतील?

मीटरबोर्ड
एवढ्या वजनाच्या झुंबराची रीत ठरलेली असते. धूळ नंतर, आधी वरची टांगणी: आकडा, पिना, साखळी किंवा तार, आणि ज्या तुळईवर भार आहे ती. खाली उतरवता येत असेल तर रहाटाची भारचाचणी आधी, प्रत्यक्ष वजनापेक्षा पाव पट जास्त भार लावून. लोलक उतरवण्याआधी प्रत्येक फांदीचा फोटो आणि क्रमांक. लोलक ऊर्ध्वपातित पाण्याने पुसायचे, नळाच्या पाण्याचे क्षार काचेवर पांढरे ठिपके ठेवतात. फवारा थेट झुंबरावर मारणं सर्वात वाईट, पाणी दिव्याच्या सॉकेटमध्ये आणि पितळेच्या सांध्यात शिरतं.

बकुळावली
बागेबद्दल अजून कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. इमारतीत वीस वर्षांनी करायचं काम बागेत दरवर्षी करावं लागतं.

आखणी लुटेन्सची, झाडं लावली विल्यम मस्टोने, १९२८-२९ मध्ये. मुघल चारबागेसारखे पाण्याचे पाट, दोन उत्तर-दक्षिण आणि दोन पूर्व-पश्चिम, छेदांवर कमळाच्या आकाराची सहा कारंजी. पुढे लांबट बाग आणि शेवटी खोलगट वर्तुळाकार बाग. छाटून छत्रीसारखी केलेली झाडं दिसतात ती बकुळीची, तिथे मौलसरी म्हणतात. सोबत पुत्रंजीव आणि सरू.

मुख्य हिरवळ दूर्वेची. मूळ दूर्वा कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर इस्टेटीतून आणली होती. पावसाळ्याआधी दरवर्षी सगळी हिरवळ खरवडून काढतात, वर नव्या मातीचा थर पसरतात, आणि तीन आठवड्यांत गवत पुन्हा येतं. बघणाऱ्याला जीव तुटतो, पण न काढता ठेवलं तर मेलेल्या देठांचा गादीसारखा थर साचतो, पाणी खाली जात नाही, मुळं वर येतात आणि बुरशी लागते. शिवाय दर वर्षी थोडी थोडी पातळी वाढत जाऊन पाटाच्या दगडी काठाच्या वर गवत येईल. पातळी राखण्यासाठी खरवडणं लागतंच.

गुलाबांची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर, म्हणजे फेब्रुवारीत बाग लोकांना खुली होते तेव्हा भर असतो. हंगामी फुलांची रोपं पावसाळा ओसरताना वाफ्यात, थंडी लागताच जागेवर. तारीख एक पंधरवडा चुकली तर मार्चच्या उन्हात कळ्या उघडण्याआधीच करपतात.

हिशेबनीस
बकुळावली ताई, एक भर. राजाजी गव्हर्नर जनरल असताना धान्याची टंचाई होती तेव्हा त्यांनी आवारात गहू पेरला होता. शिवाय व्हाइसरॉयचं दालन फार भपकेबाज वाटलं म्हणून ते लहान खोल्यांत राहायला गेले. पुढच्या राष्ट्रपतींनी तोच शिरस्ता ठेवला आणि जुनं दालन परदेशी राष्ट्रप्रमुखांसाठी पाहुण्यांची बाजू झालं.

चुनखडी
याचा निगेवर परिणाम होतो बरं. रोज राहती खोली क्वचित बिघडते, कारण गळलेलं त्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात येतं. वर्षातून चार वेळा उघडणारी खोली खरी धोक्याची. पडद्यामागची ओल, वाळवी, नळाचा थेंब, सगळं महिनोन्‌महिने कुणाला दिसत नाही. पाहुण्यांची बाजू असलेल्या प्रत्येक घरात रिकाम्या खोल्यांची फेरी आठवड्याला हवी: खिडकी उघडा, नळ सोडा, पलंगामागे हात फिरवा.

पायवाट
अजून थोडं अवांतर. व्हाइसरॉयची सोन्याच्या मुलाम्याची बग्गी भारताकडे राहिली ती फाळणीच्या वेळी नाणेफेक जिंकून, असं सांगितलं जातं. बरीच वर्षं ती बाहेर निघत नव्हती, २०१४ च्या बीटिंग रिट्रीटला परतली आणि २०२४ च्या प्रजासत्ताकदिनीही दिसली.

अनुस्वार
भारत-पाक नाणेफेकीत तेव्हापासूनच आपली सुरुवात चांगली आहे म्हणायची :)

सांचीची_वाट
चढाचा वाद इथे यायलाच हवा. विजय चौकातून वर येताना एका टप्प्यावर घर जवळजवळ दिसेनासं होतं, फक्त घुमट उरतो. बेकरची सचिवालयं त्याच टेकडीवर पुढे आल्यामुळे घर मागे सरकलं, आणि रस्त्याचा चढ मध्ये आला. आराखड्यावर लुटेन्सनेही सही केली होती. लक्षात आल्यावर त्याने चढ बदलण्यासाठी अनेक वर्षं भांडण केलं, पण निकाल विरुद्ध गेला. माझं मत, बरंच झालं. चढत जाताना घर हळूहळू उगवतं, आणि तो अनुभव सपाट रस्त्याने मिळाला नसता.

तांबट
मत मान्य नाही, पण त्यात एक गोष्ट आहे. उतार असल्यामुळे पुढच्या प्रांगणात पाणी साचत नाही.

पन्हाळ
अखेर कुणीतरी पाण्याचं नाव घेतलं. वास्तुरंग, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो: आधी बिघडतं ते गच्चीवर. वर जे जे सांगितलंय, सांधा, पापुद्रा, गंजलेली खुंटी, छताचं चित्र, तारांचं वेष्टन, या सगळ्याच्या मागे बहुतेक वेळा वरून आलेलं पाणी असतं.

दिल्लीत क्रमच वाईट आहे. मे-जूनमध्ये आंधी येते, गच्चीवर धूळ, पानं, पिसं साठतात. त्यावर जूनच्या अखेरीस मोसमी पाऊस. पहिल्याच सरीत सगळा गाळ पन्हाळीच्या तोंडाशी. १,००० चौरस मीटर गच्चीवर ५० मिलीमीटर पाऊस पडला तर ५० हजार लीटर पाणी तासा-दोन तासांत बाहेर जायला हवं. एक तोंड बंद असेल तर ते भिंतीच्या कडेने वर चढतं आणि गच्ची-भिंतीच्या कोनातून आत उतरतं. रायसिन्यावरची माकडं आणि कबुतरं भर घालतात. माकडं जाळ्या उचकटतात, कबुतरांची विष्ठा आम्ल असते आणि घरट्याच्या काड्या थेट नळात पडतात.

म्हणून तोंडं दोनदा साफ करायची: जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा पहिल्या मोठ्या सरीनंतर चोवीस तासांत. दुसरी फेरीच जास्त महत्त्वाची, नेमकी तीच चुकते. दर काही वर्षांनी गच्चीचा एकेक भाग अडवून २५ मिलीमीटर पाणी साठवायचं, दोन दिवस ठेवायचं, खालच्या छताकडे बघायचं. २५ मिलीमीटर म्हणजे चौरस मीटरला २५ किलो, हा भार छत पेलेल का हे आधी पाहायचं. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्याची खाच असते. रंगाने किंवा चुन्याने ती बुजली की थेंब मागे सरकून भिंतीवर उतरतो. आठ फुटांचा छज्जा मग कुचकामी.

चांगली गोष्ट अशी की गच्चीचं पाणी तिथे वाया जात नाही. नारायणन राष्ट्रपती असताना पर्जन्यसंचयाची योजना झाली. इमारतीच्या उत्तरेकडचं पाणी १ लाख लीटरच्या भूमिगत टाकीत, जास्तीचं विहिरींतून जमिनीत. आवारातली भूजलपातळी खाली गेली होती आणि बागेला पाणी तर रोज हवं. पण संचयाची यंत्रणा असली की गाळखड्डाही आला. तो भरला की सगळं पाणी उलटं गच्चीकडे तुंबतं.

बकुळावली
पन्हाळ दादा, गाळखड्ड्यातला गाळ वाफ्यात टाकू नका. पक्ष्यांची विष्ठा आणि छतावरची काजळी असते त्यात. कुजवल्याशिवाय रोपांना चालत नाही.

मीटरबोर्ड
पाणी मूळ आहे हे मानतो. तरी आगीवरचा माझा मुद्दा सोडत नाही. पाणी वर्षानुवर्षं भिंत खातं, आग एका रात्रीत छत नेते.

पन्हाळ
तेही खरं. क्रम लावायचा तर सर्वात वारंवार पाणी, सर्वात घातक आग.

सांचीची_वाट
तुलनेसाठी इतर दोन घरं. शिमल्याचं व्हाइसरीगल लॉज, वास्तुविशारद हेन्री आयर्विनचा (व्हाइसरॉय आयर्विन वेगळा) आराखडा, १८८८ मध्ये पूर्ण. राष्ट्रपतींचं उन्हाळी निवासस्थान म्हणून ते वर्षातले थोडेच दिवस वापरात असे. राधाकृष्णन यांनी ते विद्येसाठी द्यायचं ठरवलं आणि १९६५ मध्ये तिथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडी सुरू झाली. चुनखडी काकांचा रिकाम्या खोलीचा मुद्दा इथे देशपातळीवर लागू होतो. दुसरं शिमल्याजवळच्या मशोब्र्याचं राष्ट्रपतींचं निवासस्थान, 'रिट्रीट'. ते धज्जी पद्धतीचं, लाकडी चौकटीत भरलेल्या भिंती. तिथे दगडाची निगा शिकलेला माणूस उपयोगाचा नाही. लाकूड जमिनीच्या ओलाव्यापासून वर ठेवणं आणि चौकटीतलं भरण सैल झालं की पुन्हा दाबणं, एवढ्यावर भूकंपातही ते टिकतं.

चुनखडी
संगमरवराचं राहिलं. आतल्या जमिनींना आणि पायऱ्यांना चहा, तेल, गंज यांचे डाग पडतात. लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचं आम्ल कधीही नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो विरघळतो, डाग जातो आणि जागी खरखरीत खड्डा राहतो. मुलतानी माती ऊर्ध्वपातित पाण्यात लोण्यासारखी कालवा, डागावर एक-दीड सेंटीमीटर जाड थापा, चोवीस तास प्लॅस्टिकने झाका, मग झाकण काढून पूर्ण सुकू द्या. सुकताना माती डाग वर ओढते. लाकडी सुरीने उचलायची, धातूच्या नाही. तीन-चार वेळा करावं लागतं. बाहेरच्या वालुकाश्मावर साधं पाणी, कमी दाब आणि नायलॉनचा मऊ कुंचला. वाळूचा मारा केला की दगडाची वरची कातडी जाते आणि पुढचं शेवाळ जास्त लवकर धरतं.

हिशेबनीस
खांबांच्या माथ्यावर कोपऱ्यांत दगडी घंटा आहेत, लुटेन्सच्या 'दिल्ली शैली'तल्या. घंटा वाजल्या की राजवट जाते अशी समजूत होती म्हणून दगडी केल्या, असं सांगतात. त्यांच्या खालच्या बाजूला कोळ्यांची जाळी आणि गांधीलमाशांची पोळी होतात का?

चुनखडी
होतात, कोरीव कामाच्या प्रत्येक पोकळीत होतात. पोळं काठीने पाडू नये, त्याचा चिकटलेला भाग दगडावरच राहतो. आधी ओलं करून मऊ होऊ द्यावं, मग लाकडी पट्टीने सोडवावं.

वास्तुरंग
दगड हे माझं उत्तर चुकलं, मान्य. आता एकच विचारतो. सामान्य माणूस ठरलेल्या वेळी मुख्य इमारत, संग्रहालय आणि हंगामात बाग बघू शकतो. बाहेरून, हात न लावता, निगा ठीक आहे की नाही हे कशावरून ओळखायचं?

पन्हाळ
बागेकडून इमारतीकडे तोंड करून उभे राहा आणि छज्ज्याच्या खालच्या पृष्ठभागाकडे बघा. तिथे काळपट उभे पट्टे असतील तर वरचं एखादं तोंड तुंबतंय. पांढरी पूड असेल तर पाणी दगडाच्या आतून येतंय, म्हणजे गळती जुनी. हिरवा ओघळ फक्त तांब्याखालीच असावा, दुसरीकडे दिसला तर ते शेवाळ. आणि पाऊस पडून चार दिवस झाल्यावरही दगडाचा एखादा पट्टा शेजारच्यापेक्षा गडद असेल तर गळती त्या पट्ट्याच्या नेमकी वर असेल असं समजू नका. पाणी आडवं धावतं. वर चढलात तर पट्ट्यापासून दोन्ही बाजूंना पहिली पन्हाळ लागेपर्यंत चालत जा, आणि आधी उताराच्या वरच्या बाजूची उघडून बघा.